वायर, केबल की तार? नोटिशीत नेमकं काय लिहायचं

प्रश्न असा आलाय. नागपुरातल्या एका फ्लॅट स्कीममधे जिन्याच्या डक्टमधून आणि गच्चीवरून लोंबणाऱ्या जुन्या वायरी काढायच्या आहेत आणि त्याची नोटीस मराठीत लावायची आहे. एक काका म्हणतात शुद्ध मराठीत 'तारा' लिहा, सेक्रेटरी म्हणतात 'केबल' लिहा, तिसऱ्याचं म्हणणं वायर काय अन् केबल काय, एकच तं आहे, काहून एवढा वाद. तर या तिन्हीत खरंच फरक आहे का आणि मराठीत बरोबर शब्द कोणता, असं विचारलंय.

फरक आहे. आणि गंमत म्हणजे तो आपल्या बोलण्यात चांगला पक्का आहे, आपण फक्त कधी मांडून पाहत नाही. मला विचाराल तर विदर्भातल्या माणसाला लगेच पटेल अशी एक कसोटी आहे. वीज चोरायला आकडा, म्हणजे हूक, कशावर टाकतात? तारेवर. 'त्यानं तारेवर आकडा टाकला' असंच म्हणतात, 'केबलवर आकडा टाकला' असं कोणाच्या तोंडी येत नाही, कारण तो टाकताच येत नाही, आकड्याला उघडा धातू लागतो. खांबावरच्या उघड्या तारा काढून त्याजागी काळी पिळलेली एबी केबल लावतात त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. एबी म्हणजे एरियल बंच्ड, म्हणजे इन्सुलेशन चढवलेले अ‍ॅल्युमिनियमचे कंडक्टर एकमेकांभोवती पिळून खांबावरून नेलेले. एकदा कव्हर चढलं की तिचं नाव बदललं, लोकांनी आपोआप तिला तार म्हणणं सोडून केबल म्हणायला सुरुवात केली, कोणी शिकवायला आलं नव्हतं.

तर तार म्हणजे उघडा धातू. काटेरी तार, कपडे वाळत घालायची तार, सतारीची तार. काटोल-नरखेडकडच्या शेतात रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात तिचीही तारच, आणि ती उघडीच पाहिजे कारण जनावराच्या अंगाला लागणं हेच तिचं काम आहे (मशीन क्षणभराचे झटके देतं म्हणून जनावर पळतं, पण काही लोक तिथे सरळ घरची लाइन जोडतात आणि मग माणसंही मरतात, वाघही). मेट्रोच्या आणि रेल्वेच्या डोक्यावरून जाते तीही तार, तिच्यात २५ हजार व्होल्ट असतात, म्हणजे खरं तर दोन तारा असतात, वरची झोळ घेतलेली आणि तिला टांगलेली खालची सरळ, गाडीचा पेंटोग्राफ, म्हणजे टपावरचा वीज घेणारा दांडा, खालचीला घासत जातो.

कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांपासून जे मोठे टॉवर निघतात त्यांच्यावरही ताराच. विजेच्या खात्यातले लोक तिला 'कंडक्टर' म्हणतात आणि तिथे शब्दांचा एक भारी खजिना लपलाय. या तारेच्या मधे स्टीलचा गाभा असतो वजन पेलायला, आणि भोवती अ‍ॅल्युमिनियमच्या तारा पिळलेल्या असतात करंट न्यायला, आणि हिच्या जाडीप्रमाणे इंग्रजांच्या वेळच्या पद्धतीनं जनावरांची नावं ठेवलीत. स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, मूस. रॅबिटमधे मधली १ स्टीलची आणि भोवती ६ अ‍ॅल्युमिनियमच्या तारा, आणि ४०० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लाइनवर असतो तो मूस, त्यात ५४ अ‍ॅल्युमिनियमच्या आणि ७ स्टीलच्या. त्यामुळे 'इथे डॉग ओढला आहे', 'रॅबिट काढून डॉग टाका' अशी वाक्यं लाइनमन अगदी गंभीर चेहऱ्यानं बोलतात. ऐकणाऱ्याला वाटतं की हे नक्की कोणत्या खात्यात आहेत.

लिंगाबद्दल एक. मराठीत ती तार, तार तुटली. हिंदीत मात्र बिजली का तार, तार टूट गया. नागपुरात दोन्ही भाषा एकाच तोंडात असल्यामुळे 'तार तुटला' ऐकू येतंच, बोलताना चालून जातं, नोटिशीत मात्र 'तारा काढल्या' लिहा. वायर आणि केबल दोन्ही ती. वायरचं अनेकवचन वायरी, हे आपण इतकं घरचं करून घेतलंय की कोणाला तो इंग्रजी शब्द वाटत नाही. केबलचं मात्र 'केबली' कोणी फारसं म्हणत नाही, 'केबल काढा' यातच एक आणि अनेक दोन्ही भागतं. आणि 'तार आली' मधली तार म्हणजे टेलिग्राम, तो आपल्याकडे जुलै २०१३ मधे बंदच झाला, म्हणून तो अर्थ आता फक्त आजीच्या गोष्टीत.

आता वायर. बोलण्यात वायर म्हणजे एक कंडक्टर, त्यावर प्लास्टिकचं एक कव्हर, संपलं. घराच्या भिंतीत पाइपातून ओढतात ती. इलेक्ट्रिशियन दुकानात जाऊन म्हणतो दीडची दोन बंडलं, अडीचचं एक, चारचं एक. साधारण दीडची लाइट-पंख्याला, अडीचची पॉवर प्लगला, चारची एसी-गीझरला, पुढे सहाची मेनला. या 'अडीच' ला लोक 'अडीच एमएमची वायर' म्हणतात आणि इथे एक शब्द गळालाय, तो आहे स्क्वेअर. अडीच हे तांब्याच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ आहे, २.५ चौरस मिलिमीटर. व्यास मोजाल तर १.८ मिलिमीटरच्या आसपास भरेल, आणि मग वाटतं की दुकानदारानं फसवलं. त्यानं फसवलं नसतं, आपण 'स्क्वेअर' खाल्लेला असतो.

इतवारीतल्या जुन्या दुकानात एखादे वयस्क मिस्त्री आले तर ते अजूनही वेगळ्याच आकड्यात बोलतात. 'तीन-बावीस द्या', 'एक-अठरा आहे का', 'सात-वीस'. ही जुनी गेजची भाषा. पहिला आकडा म्हणजे आत किती तारा, दुसरा म्हणजे त्या एकेका तारेचा गेज नंबर, आणि या नंबरात जितका आकडा लहान तितकी तार जाड. २२ नंबरची तार ०.७१ मिलिमीटर जाड, तशा तीन घेतल्या की १.२ चौरस मिलिमीटरच्या आसपास होतं. १८ नंबरची तार १.२२ मिलिमीटर जाड, ती एकटीच जवळपास तेवढंच भरते. म्हणजे तीन-बावीस आणि एक-अठरा करंट नेण्यात बहिणी-बहिणीच, फरक इतकाच की एक-अठरा एकदा वाकवली की तशीच राहते आणि चार वेळा वाकवली की तुटते, तीन-बावीस जरा नरम. सात-वीस केली तर साडेचारच्या वर जाते, म्हणून आजच्या चारच्या जागी ती. लवचिक वायरींमधे 'चाळीस-शहात्तर' असतं, त्यातलं शहात्तर म्हणजे गेज नाही बरं का, इंचाचे दहा हजार भाग करून त्यातले ७६, केसासारख्या ४० तारा. मला ही भाषा फार आवडते कारण तिच्यात वायर उघडून पाहायची गरजच नाही, नावातच तिचं पोट सांगितलंय. चौरस मिलिमीटरमधे हिशोब सोपा आहे पण ही मजा नाही.

आणि लक्षात घ्या, इथे वायर बाहेरून वायर दिसते पण आत 'तारा' आहेत. 'वायरच्या तारा तुटल्या', 'वायर सोलून तारा पिळून घे' हे आपण रोज म्हणतो. म्हणजे कव्हर काढलं की वायरची पुन्हा तार होते. तारेवरच्या आकड्याची कसोटी इथेही चालली.

आता इंजिनियर मंडळी म्हणतील की असं काही नसतं, आणि त्यांचंही बरोबर आहे. घरातल्या त्या साध्या वायरच्या बंडलवर आयएस ६९४ हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला असतो, आणि त्या मानकाच्या नावात शब्द आहे 'केबल्स'. म्हणजे कागदावर ती एकेरी वायरसुद्धा केबलच. पण मानकाची भाषा वेगळी, दुकानाची वेगळी आणि नोटीस वाचणार आहे तो दुकानाची भाषा बोलणारा माणूस, त्यामुळे मी दुकानाच्या बाजूनं.

केबल म्हणजे मग काय? मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ जाड दोर, जहाज नांगरायचा. समुद्रात अंतर मोजायला अजूनही 'केबल' हे माप आहे, सागरी मैलाचा दहावा भाग, साधारण १८५ मीटर. पुढे टेलिग्राफची वायर समुद्रातून न्यायची वेळ आली तेव्हा ती दिसायलाच दोरासारखी जाड झाली आणि नाव चिकटलं. मराठीत तो शब्द दोन दारांनी आला. एक दार विजेचं, जिथे केबल म्हणजे आत दोन-तीन-चार वायरी आणि वरून एक सगळ्यांचं मिळून जाड कव्हर. दुसरं दार टीव्हीचं, आणि नव्वदच्या दशकात जे घुसलं ते हे. 'तुमच्याकडे केबल आहे का' म्हणजे वायर आहे का असं नव्हे, चॅनल दिसतात का. त्याच केबलवाल्याकडून आता आपण इंटरनेट घेतो, आणि तो येऊन सांगतो 'केबल कट झाली', ज्यात तांब्याचा कण नसतो, काच असते. साधारण केसासारखी बारीक, कव्हर-बिव्हर सोडून काचेची एकूण जाडी १२५ मायक्रॉन आणि प्रकाश जातो तो त्यातल्याही मधल्या ९ मायक्रॉनमधून. पाठ्यपुस्तकात तिला प्रकाशीय तंतू म्हणतात, शब्द छान आहे, पण जिन्यात उभं राहून 'प्रकाशीय तंतू तुटला हो' कोणी ओरडणार नाही. फायबर म्हणा.

डिशची जी गोल काळी किंवा पांढरी केबल असते ती आरजी-६. ब्लेडनं सोलून पाहा एकदा, बंद पडलेलीच घ्या. वरून प्लास्टिक, मग चांदीसारख्या बारीक तारांची जाळी, मग चमकणारा कागद, मग पांढरा फोम आणि बरोब्बर मधे एक तार. या सगळ्यांचा अक्ष एकच म्हणून को-अ‍ॅक्सियल, मराठीत समाक्ष. दुकानात 'कोएक्सल' होतो त्याचा. त्या मधल्या तारेला लोहचुंबक लावून पाहा, बहुतेक वेळा चिकटतं. ती आतून स्टीलची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते, आणि ही फसवणूक नाही, टीव्हीचा सिग्नल इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा असतो की तो तारेच्या कातडीवरूनच जातो, पोटात काय आहे याच्याशी त्याला घेणं नाही. जाळी बाहेरचा कचरा सिग्नल आत येऊ देत नाही. म्हणून दोन को-अ‍ॅक्सियलचे तुकडे मधेच पिळून टेप मारला की चित्र फाटतं. लाइटची वायर तशी जोडून चालून जाते, ही चालत नाही. कॅमेऱ्याचे लोक 'थ्री प्लस वन' मागतात, म्हणजे एक बारीक को-अ‍ॅक्सियल आणि सोबत तीन साध्या वायरी, एका कव्हरात.

इंटरनेटची आठ वायरींची ती कॅट फाइव्ह नाहीतर कॅट सिक्स. केशरी, हिरवी, निळी, चॉकलेटी, आणि प्रत्येकीसोबत तिचीच पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण, जोडी-जोडीनं पिळलेली. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे मशीन दोघींमधला फरक तेवढा वाचतं, म्हणून गोंगाट आपोआप वजा होतो. या पिळाचं पेटंट ग्रॅहम बेलचं, १८८१ चं, टेलिफोनसाठी. माइकच्या केबलमधेही हीच युक्ती वरून जाळीसकट असते. आता तिला मंडपवाले 'माइकची वायर'च म्हणतात, इथे माझी कसोटी मार खाते हे कबूल. तसंच खांबावरून मीटरला येते ती 'सर्व्हिस वायर', आत दोन कोर, म्हणजे कव्हर असलेल्या दोन वेगळ्या वायरी, असूनही वायर. आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोबाइलला लागते ती 'डेटा केबल', जरी स्वस्तातल्या बऱ्याच केबलमधे डेटाच्या दोन तारा टाकलेल्याच नसतात, नुसतं चार्जिंग होतं. नावं कामावरून पडतात, पोटावरून नाही, मिस्त्रींचे आकडे सोडले तर.

कामावरून नाव पडण्याचा एक धोका मात्र सांगतोच. 'कूलरची वायर द्या' म्हटलं की दुकानदार बरेचदा दोन कोरची काढून देतो. कूलरची बॉडी लोखंडाची, आत पाणी, आणि तिसरी अर्थिंगची वायरच नाही. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात त्या फुकट नाही येत. 'थ्री कोर फ्लेक्सिबल' असं म्हणा, पुढे 'कूलरसाठी' जोडा. रंगांचंही तसंच. मिक्सरच्या कॉर्डमधली निळी म्हणजे न्यूट्रल, पण बोअरमधल्या सबमर्सिबल पंपाच्या चपट्या केबलमधे लाल, पिवळी, निळी असतात आणि तिथली निळी म्हणजे जिवंत फेज. (ती केबल चपटी काहून? बोअरच्या पाइपात मोटरच्या बाजूनं उतरवायला जागा कमी असते म्हणून.) 'निळीला काही नसतं' हे वाक्य ज्यानं कोणी शिकवलं असेल ते विसरा.

आता तुमची नोटीस. 'तारा काढा' लिहिलं तर ज्यांचे कपडे गच्चीवर वाळतात ते भांडायला येतील. 'वायरी काढा' लिहिलं तर कोणीतरी हौशी मीटरच्या वायरीला पकड लावेल. मी असं लिहीन:

'डक्टमधील व गच्चीवरील डिशची, जुन्या टेलिफोनची व इंटरनेटची बंद पडलेली केबल येत्या रविवारी काढण्यात येईल. आपली केबल चालू असल्यास तिला फ्लॅट नंबरची चिठ्ठी शनिवारपर्यंत बांधून ठेवावी, चिठ्ठी नसलेली केबल कापली जाईल. मीटरपासून फ्लॅटकडे जाणाऱ्या लाइटच्या वायरींना इलेक्ट्रिशियनशिवाय कोणीही हात लावू नये. कपडे वाळत घालायच्या तारा काढण्यात येणार नाहीत.'

फायबरला चिठ्ठी बांधताना घट्ट गाठ मारू नका एवढं तोंडी सांगून टाका, जास्त वळली की नेट जातं.