धर्मांचा अभ्यास करून शिक्षिका होता येईल?

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेत आहे. तिला विद्यापीठात जगातील धर्मांचा अभ्यास करायचा आहे आणि पुढे शिक्षिका व्हायचं आहे. हे दोन्ही जमेल का? — एक पालक, डिचोली

उत्तर : जमेल, पण पदवीचा मुख्य विषय जपून निवडा. बी.एड.ला अध्यापन पद्धती शालेय विषयाची असते आणि ‘धर्म’ हा शालेय विषय नाही. इथेच बरेच जण अडकतात. इतिहास मुख्य ठेवावा, तत्त्वज्ञान किंवा समाजशास्त्र जोडीला घ्यावं. प्रवेशापूर्वी बी.एड. महाविद्यालयाचं माहितीपत्रक वाचाच.

कायद्याची धास्ती नको. घटनेचं कलम २८ पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणाला मनाई करतं. धर्मांविषयी अभ्यासाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात हा फरक स्पष्ट केला.

अभ्यासात खरी गफलत होते ती ‘त्यांचा देव कोण, ग्रंथ कोणता’ एवढंच विचारण्यात. धर्मांचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी धर्माची सात अंगं मांडली : विधी, कथा, अनुभव, सिद्धांत, नीती, समाज, भौतिक वस्तू. सरावाला शिरगावची लईराई देवीची जत्रा घ्या, तुमच्या तालुक्यातच आहे! धोंडांचं (व्रतस्थ भक्तांचं) व्रत, निखाऱ्यांवरून चालण्याचं होमकुंड, म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीशी (ख्रिस्ती मेरीमातेशी) देवीचं बहिणीचं नातं हे सगळं या अंगांत मांडून पाहावं. टिपणात ‘दिसलं ते’, ‘लोक सांगतात ते’ आणि ‘मला वाटतं ते’ असे तीन रकाने वेगळे ठेवावेत. ते एकमेकांत मिसळले की निबंध एक तर प्रवचन होतो, नाही तर टिंगल. फोटो किंवा मुलाखतीआधी परवानगी घ्यावी.