आयबीएमची ऑफर आणि हसणारे मित्र

तुझा प्रश्न वाचला, आयबीएमची ऑफर आहे आणि मित्र 'म्हाताऱ्यांची कंपनी' म्हणून हसतायत, दुसरीकडे चाळीस माणसांची स्टार्टअप आहे तिचं नाव घरच्यांना नीट उच्चारता पण येत नाही. वीसेक वर्षं या धंद्यात आहे, दोन्हीकडे राबलोय, म्हणून जरा लांबड लावतो.

आयबीएम म्हातारी वाटते कारण ती आता दिसतच नाही. प्रिंटरचा धंदा १९९१ मध्ये वेगळा काढला तो लेक्समार्क झाला, मग हार्ड डिस्क हिताचीला दिली, २००५ मध्ये थिंकपॅडसकट सगळा पीसीचा धंदा लेनोवोला, म्हणजे घरात टेबलावर दिसेल असं जे काही होतं ते एकेक करून विकलं आणि राहिलं ते बँकांच्या डेटा सेंटरमधलं. मेनफ्रेम, म्हणजे बँकांचे व्यवहार सांभाळणारे मोठाले कॉम्प्युटर. १९६४ च्या सिस्टिम ३६० या मेनफ्रेमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम आजच्या मशीनवर पण बरेचदा चालतात, बँका पैसे मोजतात ते त्याचेच. तुझ्या मित्रांना दिसतं फक्त ॲप, त्यांचा तरी काय दोष.

शिवाय मतं फिरतात रे. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा तेव्हाचा सीईओ बामर लिनक्सला (विंडोजला पर्याय असलेली, सगळ्यांना खुली ऑपरेटिंग सिस्टिम) कॅन्सर म्हणाला होता, आम्ही लिनक्सवाले तेव्हा त्या कंपनीचं नाव काढलं तरी चिडायचो. २०१८ मध्ये त्यांनीच गिटहब, म्हणजे प्रोग्रॅमर लोक आपला कोड ठेवतात ती साइट, विकत घेतलं, चार दिवस आरडाओरडा झाला, काहीजण तसल्याच दुसऱ्या साइटवर, गिटलॅबवर गेले, आणि आज त्यातलेच कितीतरी मायक्रोसॉफ्टचाच कोड एडिटर व्हीएस कोड उघडून बसलेले असतात.

घरच्यांचं बरोब्बर उलटं. त्यांच्या लेखी इन्फोसिस म्हणजे जवळजवळ सरकारी नोकरी! १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांवर ती काढली तेव्हा त्यातल्या एखाद्याचं स्थळ तुझ्या घरी आलं असतं तर चहापाण्यावरच परत पाठवलं असतं.

माझं म्हणशील तर एका स्टार्टअपमध्ये फंडिंग आटलं, दोन महिन्यांचा पगार बुडाला, शेअर्सचा कागद अजून कपाटात आहे (रद्दीवाला पण घेणार नाही). पण तिथे नऊ महिन्यांत जे शिकलो ते आधीच्या मोठ्या कंपनीत तीन वर्षांत नव्हतो शिकलो, तिथे एक टेस्ट सर्व्हर हवा तर तीन साहेबांचं अप्रूव्हल लागायचं.

म्हणून पाटी बघू नकोस, काम विचार. आयबीएमवाल्यांना विचार प्रोजेक्ट कुठला, २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतलेल्या रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीशी संबंधित काही आहे की कुठल्यातरी क्लायंटचा रात्रपाळीचा सपोर्ट. स्टार्टअपवाल्यांना सरळ विचार बँकेत किती महिन्यांच्या पगाराचे पैसे आहेत, ईसॉप (कंपनीचे शेअर्स ठरल्या भावात घ्यायचा हक्क) किती वर्षांत व्हेस्ट होतात, म्हणजे खरंच तुझे होतात, आणि नोकरी सोडल्यावर ते घ्यायला किती दिवस देतात. इथे चुळबुळ करून विषय बदलला तर समजून जा. नोटीस पिरियड दोन्हीकडचा लेखी बघ, ९० दिवसांचा असेल तर पुढची ऑफर मिळवताना नाकीनऊ येतात.

पगाराची फोड नाव खोडून इथे टाक, फिक्स्ड किती आणि हवेतलं किती ते बघून सांगतो.