आजोबांच्या बंदुकीला गंज

प्रश्न: आजोबांची लायसनवाली जुनी दुनळी बंदूक आहे, पावसाळ्यात नळीवर तांबूस ठिपके उठतात. पॉलिश पेपर मारू काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर: नको ओ, पेपर अजिबात नको! त्यानं नळीवरचा निळसर थरच खरवडून जाईल. तो थर म्हणजे लोखंडाचाच काळा ऑक्साइड, एकदम पातळ, त्याच्या एकट्यानं गंज थांबत नाही, वर तेल लागतंच. आधी बंदूक रिकामी आहे ना बघा, मग ठिपक्यांवर गन ऑइल रात्रभर मुरू दे आणि मऊ कापडानं हळू पुसा, शेवटी सगळ्या नळीवर तेलाचा पातळ हात. लिंबू, चिंच, व्हिनेगर लावलं की गंजाबरोबर रंगपण गेला म्हणून समजा. बोटांच्या घामानंपण गंज धरतो. आणि चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, तुमच्याकडच्या पावसात ते ओल धरून बसतंय, कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका.