गाडी विकतोयस? आधी हे बघ

फ्लॅटसाठी पैसे जमवायला एसयूव्ही विकून जुनी वॅगनआर घ्यायचा तुझा विचार पटला. पण आधी गाडीचं कर्ज फेडून बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (कर्ज संपल्याचा अर्ज) हातात घे, आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी पत्रावरचा, बँकेचा बोजा उतरव. माझ्या आरसीवर बँकेचं नाव दिसताच गिऱ्हाइकाने थेट वीस हजार पाडून मागितले होते!

वाचलेला हप्ता पगाराच्याच दिवशी आरडीत, म्हणजे बँकेच्या दरमहा ठेवीत, वळव. खात्यात राहिला की संपला. पुण्यात ६० लाखांच्या फ्लॅटला बँक फार तर ८० टक्के देते. उरलेले १२ लाख तुझे. वर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार, शिवाय नोंदणीचे ३० हजार. हे लोक विसरतात. वहिनींच्या एकट्यांच्या नावावर घेतलास तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, म्हणजे ७ ऐवजी ६ टक्के.

नातेवाईक विचारतील, 'मोठी गाडी कुठे गेली रे?' सर्व्हिसिंगला दिलीय म्हणायचं.