शेवटच्या दिवसाची माफी

प्रश्न : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जाता जाता मर्जीतल्या लोकांना माफी देऊ शकतात, असे वाचले. आपल्या राष्ट्रपतींनाही ते शक्य आहे का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तेथे हा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा एकट्याचा असून, केंद्रीय कायद्याखालील गुन्ह्यांपुरता तो जवळजवळ अनिर्बंध आहे. बिल क्लिंटन यांनी 20 जानेवारी 2001 रोजी, म्हणजे पद सोडण्याच्याच दिवशी, करचुकवेगिरीचा आरोप असलेले फरारी व्यापारी मार्क रिच यांना माफी दिली. रिच यांच्या घटस्फोटित पत्नीने क्लिंटन यांच्या पक्षाला मोठ्या देणग्या दिलेल्या असल्याने चौकशी झाली, पण क्लिंटन यांच्यावर खटला झाला नाही आणि माफीही टिकली.

आपल्याकडे राष्ट्रपती अनुच्छेद 72 खालील माफी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच देतात आणि तिची मर्यादित न्यायालयीन तपासणी होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एपुरू सुधाकर प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे खरा जाब सरकारला विचारायला हवा. परंतु मंत्र्यांनी नेमका कोणता सल्ला दिला, याची चौकशी अनुच्छेद 74 न्यायालयांना करू देत नाही, आणि माझ्या मते आपली कच्ची बाजू हीच आहे. राष्ट्रपतींवर फौजदारी खटला न चालण्याचे अनुच्छेद 361 मधील संरक्षण मात्र कार्यकाळापुरतेच आहे.