समोरच्या गॅलरीतले लोक

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच धाटणीचे आहेत: 'त्या टीमचे लोक असेच असतात का?' फुटबॉलमध्ये 'त्या टीमचे लोक' म्हणजे नेहमी समोरच्या गॅलरीतले. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

आमचा मुलगा मँचेस्टरला शिकायला आहे. शाळेपासून लिव्हरपूलचा भक्त. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरच्या युनायटेड-लिव्हरपूल सामन्याचं तिकीट त्याला मित्राकडून मिळतंय, पण जागा युनायटेडवाल्यांच्या मधोमध आहे. जाऊ द्यावं का? (एक पालक, नाशिक)

जाऊ द्या, पण आधी तिकीट आलं कुठून ते त्याला तपासायला सांगा. इंग्लंडमध्ये क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा १९९४ पासून फौजदारी गुन्हा आहे. आपल्याकडे थिएटरबाहेर चालणाऱ्या 'ब्लॅक'सारखी ही किरकोळ बाब नाही. क्लबने ठरवून दिलेल्या मार्गाने मित्राने तिकीट त्याच्याकडे वळवलं असेल तर हरकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला क्यूआर कोड आणि रोख पैसे असला व्यवहार असेल तर सोडून द्यावं.

पुढचा प्रश्न जागेचा. यजमान संघाच्या भागात पाहुण्या संघाची जर्सी, मफलर, टोपी यातलं काही चालत नाही. दोन्ही संघ लाल घालतात म्हणून लाल स्वेटर खपून जाईल, असा हिशेब करू नये. साधं काळं जॅकेट बरं. लिव्हरपूलने गोल केला तर हात मांडीवरच ठेवायचे. हे अवघड आहे, आणि गडबड होते ती नेमकी इथेच. माणूस जर्सी घालून येत नाही, पण ७०व्या मिनिटाला नकळत उठून उभा राहतो. मग स्टुअर्ड, म्हणजे मैदानावरचे व्यवस्थापक, त्याला बाहेर काढतात. पैसे परत मिळत नाहीत. त्याला शिक्षा म्हणून बाहेर काढत नाहीत. आजूबाजूच्या वीस जणांचा पारा चढायच्या आत त्याला तिथून हलवणं हा हेतू असतो. अर्ध्या युनायटेड, अर्ध्या लिव्हरपूलच्या रंगाचे मफलर स्टेडियमबाहेर विकायला असतात. ते पर्यटकांसाठी. दोन्ही बाजूचे जुने लोक त्यांच्याकडे बघून नाक मुरडतात.

खरं तर त्याने पाहुण्यांच्या भागातलं तिकीट मिळवायचा प्रयत्न करावा. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाला साधारण ३,००० जागा द्याव्या लागतात आणि २०१६-१७ पासून त्या तिकिटाची किंमत ३० पौंडांच्या वर नेता येत नाही. ही तिकिटं आधी परगावच्या सामन्यांना वर्षानुवर्षं जाणाऱ्यांना मिळतात, त्यामुळे नवख्याचा नंबर मोठ्या सामन्याला जवळपास लागतच नाही. एखाद्या छोट्या क्लबविरुद्धच्या कप सामन्यापासून सुरुवात केली तर क्लबकडच्या त्याच्या खात्यावर परगावच्या सामन्यांच्या नोंदी जमत जातात.

बिअर आतल्या मोकळ्या जागेत विकत मिळते, पण ग्लास घेऊन मैदान दिसेल अशा जागी आलात तर १९८५ च्या कायद्याचा भंग. या दोन संघांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. युनायटेडचे खेळाडू असलेलं विमान १९५८ मध्ये म्युनिकला कोसळून २३ जण गेले. लिव्हरपूलचे प्रेक्षक १९८९ मध्ये हिल्सबरोला चेंगरून गेले. या मृत्यूंवर एकमेकांना डिवचणारी गाणी दोन्हीकडचे काही लोक म्हणतात. आता त्यावर खटले होतात, क्लब तिकीट कायमचं बंद करतात. न्यायालयाची बंदी लागली तर ती तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत असते. परदेशी विद्यार्थ्याला शिक्षा झाली तर पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात ती लिहावी लागते. त्याला गाण्याचे शब्द समजत नसतील तर ओठ हलवू नयेत, एवढं सांगून ठेवा.

लिव्हरपूलचे प्रेक्षक दारू पिऊन घुसले म्हणून १९८९ मध्ये शंभरेक माणसं मेली, असं आम्ही तेव्हा वाचलं होतं. आता म्हणतात त्यांचा दोष नव्हता. मग खरं काय? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

दोन घटना एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि तो दोष तुमचा नाही.

२९ मे १९८५ ला ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियमवर लिव्हरपूल आणि इटलीचा युव्हेंटस यांच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या समर्थकांचा एक लोंढा शेजारच्या भागावर धावून गेला. तो भाग तटस्थ प्रेक्षकांसाठी होता, पण त्यात इटालियनच बहुसंख्य होते. लोक मागे रेटले गेले, भिंत कोसळली, ३९ जण गेले. १४ लिव्हरपूल समर्थकांना शिक्षा झाली. इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांतून पाच वर्षं बाहेर ठेवलं, लिव्हरपूलला सहा. स्टेडियम जुनाट होतं, दोन्हीकडच्या लोकांमध्ये तकलादू जाळी होती, हे सगळं खरं. तरी धावून जाणारे धावून गेले होते.

हिल्सबरो वेगळं. १५ एप्रिल १९८९, शेफील्ड, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. इथे समोरच्या संघाच्या प्रेक्षकांशी भांडणच नव्हतं. ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. घोटाळा दाराशी झाला, आणि तो अंकगणिताने समजतो. लिव्हरपूलवाल्यांना दिलेल्या लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्याने सामना बघणाऱ्या सुमारे १०,१०० लोकांसाठी फिरती फाटकं होती सात. आजच्या ब्रिटिश मापाप्रमाणे एका फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात. सात फाटकांतून ४,६२०. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी सगळ्यांना आत यायला दोन तासांहून जास्त वेळ हवा. सामना तीनला होता. अडीचनंतर दाराशी मुंगीलाही वाट उरली नाही. पोलिसांनी ताण कमी करायला बाहेर जाण्याचं मोठं दार उघडलं, पण आत गेलेल्यांना सरळ समोर दिसणाऱ्या बोगद्यातून जाण्यापासून अडवलं नाही. तो बोगदा आधीच भरलेल्या मधल्या दोन कोंडवाड्यांत, म्हणजे उभं राहायच्या जाळीबंद भागांत, उघडत होता. पुढे लोखंडी जाळी, मागून रेटा. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबवला. एकूण ९७ मृत्यू, त्यातला शेवटचा २०२१ मध्ये.

'दारूडे' ही आवृत्ती पोलिसांकडून निघाली आणि चार दिवसांनी 'द सन' या ब्रिटिश वृत्तपत्राने ती पहिल्या पानावर छापली. लिव्हरपूल शहरातले असंख्य लोक आजही ते वृत्तपत्र विकत घेत नाहीत. पोलिसांचं नियंत्रण कोसळलं हे मुख्य कारण, असं न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने त्याच वर्षी सांगितलं होतं. तरी २०१२ मध्ये पंतप्रधानांची माफी आणि २०१६ मध्ये मृत्यूंची फेरचौकशी करणाऱ्या ज्युरीचा निर्णय यायला सत्तावीस वर्षं गेली. त्या ज्युरीने प्रेक्षकांना दोषमुक्त केलं. चार वर्षांपूर्वीचं हायझेल लोकांच्या डोक्यात ताजं होतं, म्हणून खोटं इतकं सहज खपलं. बदलौकिकाचा हा खरा धोका: पहिल्या वेळी तो कमावलेला असतो, दुसऱ्या वेळी आयता चिकटवला जातो.

बदली कोलकात्याला झाली आहे. मोहन बागान-ईस्ट बंगाल बघायचाच आहे. कुठे बसावं? (एक बँक कर्मचारी, पुणे)

आधी बाजू ठरवा, मग तिकीट घ्या. सॉल्ट लेक स्टेडियमवर दोन्ही क्लबांच्या गॅलऱ्या आणि त्यांची गेट वेगळी असतात. तिकिटावरचा गेट क्रमांक चुकला तर स्टेडियमला अर्धा वळसा घालावा लागतो, तोही समोरच्या संघाच्या मिरवणुकीतून. मेट्रोचं सॉल्ट लेक स्टेडियम स्थानक जवळ आहे. हिरवा-मरून म्हणजे मोहन बागान, लाल-पिवळा म्हणजे ईस्ट बंगाल. कपडे निवडताना हे चार रंग टाळले की झालं.

हे वेगवेगळं बसवणं हौसेपोटी आलेलं नाही. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर दोन्ही संघांचे लोक एकाच स्टँडमध्ये मिसळून बसले होते. मैदानात दोन खेळाडूंत जुंपली, दोघांना लाल कार्ड मिळालं, गॅलरीत मारामारी पेटली आणि पळापळीत १६ जण गेले. बंगालमध्ये त्या तारखेला दरवर्षी रक्तदान शिबिरं होतात.

मूळ भांडण 'घोटी' आणि 'बांगाल' यांचं. पश्चिम बंगालमधले जुने रहिवासी मोहन बागानचे (१८८९), पूर्वेकडून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेले ईस्ट बंगालचे (१९२०). फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले तसा दुसऱ्या क्लबचा पाठिंबा फुगला. ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा मासा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी, हा बाजाराचा नेम. ऑफिसात पहिल्या आठवड्यात 'तुम्ही कोणाचे?' असं विचारतील. 'मी महाराष्ट्रातला' हे उत्तर दोन्ही बाजूंना मान्य नसतं.

हेच लोक १८ ऑगस्ट २०२४ ला स्टेडियमबाहेर खांद्याला खांदा लावून उभे होते. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरच्या खुनानंतर सुरक्षेचं कारण देऊन ड्युरँड कपमधली डर्बी, म्हणजे या दोन संघांचा सामना, रद्द केली होती. दोन्ही क्लबांचे आणि शहरातल्या तिसऱ्या क्लबचे, मोहमेडनचेही समर्थक एकत्र आले आणि त्यांनी एकत्र लाठ्या खाल्ल्या.

कोल्हापुरात दोन पेठांची ईर्षेची मॅच असली की शाहू स्टेडियमवर बंदोबस्त, आणि एखादा दगड आला की 'एका बाजूच्या प्रेक्षकांना बंदी घाला' ही मागणी. याचा उपयोग होतो का? (एका तालमीचा कार्यकर्ता, कोल्हापूर)

एकट्या बंदीने होत नाही. अर्जेंटिनात २०१३ पासून लीग सामन्यांना पाहुण्यांचे प्रेक्षक येऊ देत नव्हते. २०१८ मध्ये कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या दुसऱ्या सामन्यालाही, रिव्हर प्लेटच्या मैदानावर, बोका ज्युनियर्सचे समर्थक नव्हते. दगड तरी पडले, स्टेडियमकडे येणाऱ्या बोकाच्या बसवर. बस रिव्हर प्लेटच्या जमावाजवळून वळवली होती. सामना शेवटी माद्रिदला न्यावा लागला. इंडोनेशियातल्या कांजुरुहान स्टेडियमचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला अरेमाने पर्सेबायाविरुद्ध घरचा सामना ३-२ ने गमावला. पर्सेबायाचा एकही समर्थक स्टेडियमात नव्हता. काही लोक मैदानात उतरले, पोलिसांनी गॅलरीत अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दारांकडे धावले. १३५ मृत्यू. फिफाच्या नियमांत स्टेडियममध्ये असा गॅस आणायलाच मनाई आहे.

कोल्हापूरची अडचण आणखी वेगळी. पाटाकडील तालीम असो, दिलबहार असो, खंडोबा किंवा शिवाजी तरुण मंडळ असो, दोन्हीकडचे लोक एकाच शहरातले, बऱ्याचदा दोन गल्ल्यांच्या अंतरावरचे. स्टेडियमात बंदी घातली तर ईर्षा मोबाइलच्या स्टेटसवर आणि चौकातल्या फलकावर जाते. तिथे रेफरी नसतो. त्यापेक्षा जागेवरची कामं बघा.

सामन्याच्या सकाळी गॅलरीत, पायऱ्यांखाली आणि कुंपणालगत एक फेरी मारून विटांचे तुकडे, खडी, फरशीचे कपचे उचलून न्या. दगड खिशातून फारसे येत नाहीत, ते जागेवरच सापडतात. पाणी बाटलीऐवजी ग्लासातून किंवा टाकीवर द्या. भरलेली बाटली लांब जाते.

मग दारं मोजा. ब्रिटनच्या मैदान-सुरक्षा मार्गदर्शिकेत एक मीटर रुंद सपाट वाटेवरून मिनिटाला ८२ माणसं आणि पायऱ्यांवरून ६६ धरली आहेत, आणि गॅलरी आठ मिनिटांत मोकळी व्हावी असं माप आहे. ५,००० लोकांच्या गॅलरीला पायऱ्यांवरून उतरायचं असेल तर एकूण साडेनऊ मीटर रुंदी लागते. तुमची दारं टेपने मोजा. कमी भरली तर तिकिटं कमी काढा. सामना सुरू असताना प्रत्येक दाराशी किल्ली घेतलेला माणूस उभा हवा. कुलूप लावून किल्ली ऑफिसात ठेवायची नाही.

दोन गॅलऱ्या एकाच वेळी रस्त्यावर सोडू नका. हरलेल्यांना आधी सोडा, त्यांना घरी जायची घाई असते. जिंकलेले बक्षीस समारंभापर्यंत आपणहून थांबतात. पंधरा-वीस मिनिटांचं अंतर पडलं की बहुतेक काम होतं. समारंभ लांबवणारे पाहुणे इथे पहिल्यांदाच उपयोगी पडतात.

आणि गॅलरीत प्रत्येक तालमीची पाच-सहा ओळखीची वडीलधारी माणसं बसवा, ज्यांनी पोराला नावाने हाक मारली तर पोरगा खाली बसतो. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालने हेच पोलिसांकडून करून घेतलं. साध्या गणवेशातले पोलीस दोन-दोनच्या जोडीने इंग्लिश समर्थकांत फिरत, बोलत. दंगलविरोधी पथक नजरेआड तयार. सामने झालेल्या शहरांत ही पद्धत टिकली. गडबड झाली ती अल्बुफेरात, जिथे दुसऱ्या पोलीस दलाचं राज्य होतं आणि ही पद्धत वापरलीच नव्हती.

कोणत्या देशाचे समर्थक सगळ्यात सभ्य? (इयत्ता नववी, रत्नागिरी)

जपानचे समर्थक सामन्यानंतर गॅलरीतला कचरा पिशव्यांत भरतात, हरल्यावरसुद्धा. डेन्मार्कवाले स्वतःला 'रोलिगन' म्हणवतात. 'रोलिग' म्हणजे शांत, 'हूलिगन'वरची कोटी. स्कॉटलंडची 'टार्टन आर्मी' पिते भरपूर, गाते त्याहून जास्त. पण याच देशात ग्लासगोच्या सेल्टिक-रेंजर्स सामन्याला पोलिसांचा मोठा बंदोबस्त लागतो. माणसं तीच, शनिवार वेगळा.

आमच्या मंडळाला गॅलरीत रंगीत धूर करायचा आहे. कोणता वापरावा? (एक वाचक, मडगाव)

बंदिस्त गॅलरीत कोणताही नको. जळती फ्लेअर हजार अंशांहून जास्त तापते आणि पाण्यानेही लवकर विझत नाही; जर्सीचं पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. धुरात दम्याचा माणूस अडकला तर त्याला बाहेर काढायला वाट दिसत नाही. रंगच हवा असेल तर कापड घ्या. दोन मीटर रुंद तागे शिवून जोडा, खालची कड पहिल्या रांगेच्या हातात, आणि तीन मिनिटांच्या वर डोक्यावर धरू नका. बाहेर पडायच्या वाटांवरून कापड जाऊ देऊ नका, आणि आदल्या दिवशी मैदान व्यवस्थापकाला त्याची मापं लिहून द्या.