तास किती, आणि ते कधीचे?

प्रश्न : मी २०२२ मध्ये कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल) मिळवले. लॉगबुकमध्ये (उड्डाणांच्या नोंदवहीत) २०५ तास आहेत. पुढे वडिलांच्या आजारपणात घरचे दुकान सांभाळावे लागले आणि गेल्या सव्वादोन वर्षांत विमानाला हात लागलेला नाही. आता विमान कंपन्यांकडे अर्ज करण्यापूर्वी आणखी शंभर तास करून घ्यावेत का?
— एक वाचक, कराड

उत्तर : एवढी घाई करू नये. आपल्याकडे सहवैमानिकाच्या जागेसाठी येणाऱ्या बहुतेक नवोदितांची पुंजी दोनशे तासांच्या आसपासच असते, त्यामुळे २०५ चे ३०५ झाल्याने फारसे साधणार नाही. निवड करणारा आधी पाहतो ती लॉगबुकातल्या शेवटच्या नोंदीची तारीख. सीपीएलचा नियमही याच विचाराचा आहे. त्यासाठीच्या २०० तासांपैकी १०० तास पायलट इन कमांड (विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून लागतात आणि त्यांतले किमान १५ तास अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात.

परवाना वैध असणे वेगळे आणि वैमानिक ‘करंट’, म्हणजे सरावात, असणे वेगळे. २०२३ च्या दुरुस्तीने सीपीएलची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली खरी, पण इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या पात्रतेची) चाचणी दर वर्षी द्यावी लागते, क्लास वन मेडिकल (वैमानिकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र) चालू असावे लागते आणि प्रवासी घेऊन उडायचे तर मागील ९० दिवसांत तीन टेकऑफ व तीन लँडिंग झालेली असावी लागतात.

विमान उतरवण्याचा हात काही तासांत परत येतो. उशिरा येते ती उपकरणांवरून नजर फिरवत राहण्याची सवय, ज्याला वैमानिक ‘स्कॅन’ म्हणतात, आणि निवडीच्या सिम्युलेटर चाचणीत नेमकी तीच तपासली जाते. ऑटोपायलट व फ्लाइट डायरेक्टर (विमान कसे वळवावे हे पडद्यावर सुचवणारी यंत्रणा) बंद ठेवून आयएलएस, म्हणजे धावपट्टीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या आधारे उतरणे, करायला सांगितले आहे असे समजा. ग्राउंड स्पीड (जमिनीच्या सापेक्ष वेग) १४० नॉट असेल, तर तीन अंशांच्या उतारावर मिनिटाला साधारण ७०० फूट खाली यायचे, हा हिशेब सरावातल्या माणसाच्या डोक्यात आधीच तयार असतो. खंड पडलेला उमेदवार लोकलायझरची (विमान धावपट्टीच्या मध्यरेषेच्या डावीकडे की उजवीकडे हे दाखवणारी) सुई मधे आणण्याच्या नादात तिच्याकडेच पाहत राहतो, तेवढ्यात ग्लाइडस्लोप (उतरण्याचा योग्य कोन दाखवणारा संकेत) निसटतो, तो पकडायला विमानाचे नाक खाली जाते आणि वेग वाढतो. परीक्षकाला एवढे पुरेसे असते.

म्हणून आधी मेडिकल करून घ्यावे, मग फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षकासोबत दहा-पंधरा तास उडावे, मल्टी-इंजिन (एकाहून अधिक इंजिनांच्या) विमानावर इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणी द्यावी आणि सिम्युलेटरची सत्रे निवड चाचणीच्या अगदी जवळ ठेवावीत. हे सारे सहा महिने आधी उरकून बसलात, तर पैसे जातील आणि हात पुन्हा थंड पडेल. स्वखर्चाने एअरबस ३२० चे टाइप रेटिंग (त्या प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता) घेऊन नोकरीची वाट पाहणेही आम्हाला पटत नाही, कारण वापराविना तेही शिळे होते.

मुलाखतीत खंडाचे कारण आहे तसे, दोन वाक्यांत सांगावे. वडिलांच्या आजारपणात लपवण्यासारखे काही नाही. न उडता वहीत चढवलेल्या तासांना वैमानिकांच्या बोलीत ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. त्या वाटेला चुकूनही जाऊ नये, कारण विमानाच्या नोंदीशी ताळा घेतला की ते उघडे पडतात.

प्रश्न : अमेरिकेप्रमाणे विमान कंपनीत वैमानिक होण्यासाठी १,५०० उड्डाणतासांची अट आपल्याकडे आहे का? मुलगा तिकडे शिकून परत येणार आहे.
— एक पालक, नाशिक

उत्तर : सहवैमानिकासाठी नाही. अमेरिकेत ती २०१३ पासून लागू झाली. तिच्यामागे २००९ मधला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराजवळचा विमान अपघात होता, ज्यात ५० जण मृत्युमुखी पडले. त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास दीड हजारांहून अधिकच होते, ही बाब त्या चर्चेत मागे पडली. मुलाने परतल्यावर तिकडचा परवाना भारतीय परवान्यात बदलून घेण्याची कागदपत्रे लगेच हाती घ्यावीत. त्यात महिने गेले, तर तिकडचे तास जुने होतात आणि इथे नव्याने उडावे लागते.